बेरीज, वजाबाकी आणि गुपित

कचेऱ्यांतील नोंदी आतां संगणकांत असतात; प्रश्न केला कीं उत्तर येतें. एकाचें वेतन सांगूं नये, बेरीज सांगावी, एवढा निर्बंध घातला म्हणजे गुपित राखिलें, अशी पुष्कळांची समजूत असते. ती भ्रामक आहे. एखाद्या शाळेंतील तीस शिक्षकांच्या वेतनाची बेरीज विचारावी. मग मुख्याध्यापक वगळून एकोणतिसांची विचारावी. दोन्ही उत्तरें नियमास धरून; परंतु वजाबाकी करतांच मुख्याध्यापकांचें वेतन उघड!

यावरील उपाय सिंथिया ड्वर्क प्रभृति चौघांनीं २००६ सालीं गणिताच्या भाषेंत मांडला. प्रत्येक उत्तरांत यदृच्छेनें थोडें अधिक-उणें करावें. तें इतकें कीं, अमुक मनुष्य यादींत आहे कीं नाहीं, हें उत्तरावरून निश्चित कळूं नये. मात्र तोच प्रश्न शंभरदां विचारून सरासरी काढली, तर हें अधिक-उणें परस्परांस खाऊन टाकतें. म्हणून एकंदर किती सांगावयाचें, याचीही मर्यादा आधींच ठरवावी लागते.

अमेरिकेनें २०२० च्या जनगणनेंत ही रीति योजिली. राज्यांची एकूण लोकसंख्या जशीच्या तशी ठेविली. लहान वस्त्यांचे आंकडे मात्र किंचित् हलविले. त्यावर आक्षेपही आले. कारण लाखांत लोपणारा फरक लहान गांवीं डोळ्यांत भरतो. गुपित जपावें तर सत्यास थोडी झीज सोसावी लागते.

आपल्या १९४८ च्या जनगणना कायद्यानेंही व्यक्तिगत नोंदी गुप्त ठेविल्या आहेत. पण नोंदवहीस कुलूप घालणारानें उत्तरें देतांनाही तितकेंच सावध असावें.