पाच हजारांची अट

मंडळी, पीएलमध्ये हॉस्टेलवर काय काय चालतं याची यादी रेक्टर सरांच्या हाती न लागलेलीच बरी. त्यातली एक गोष्ट मात्र आज कबूल करून टाकतो. आमच्या विंगमधले आठ जण गेली दोन वर्षं बेसबॉल खेळताहेत. मैदानावर नाही, कॉटवर. बॅट नाही, बॉल नाही. तीन फासे, कार्डांचा गठ्ठा आणि एक दोनशे पानी वही.

खेळ अमेरिकन आहे. हॅल रिचमन नावाच्या माणसाने १९६१ मध्ये 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' नावाने तो बाजारात आणला. आमच्यातल्या एकाच्या मामाने न्यू जर्सीहून त्याचा एक डबा आणला आणि आमच्या अभ्यासाचं वाटोळं झालं. प्रत्येक खऱ्या खेळाडूचं एक कार्ड असतं. पहिला फासा १ ते ३ पडला तर बॅटरच्या कार्डावर बघायचं, ४ ते ६ पडला तर पिचरच्या. उरलेल्या दोन फाशांची बेरीज करून त्या रकान्यातली ओळ वाचायची: हिट, आउट, होमरन, जे असेल ते. कार्डावरचे निकाल त्या माणसाच्या खऱ्या आकडेवारीवरून बसवलेले असतात. डब्यात नसलेल्या खेळाडूंची कार्डं आम्ही एक्सेलमध्ये स्वतः बनवतो. एम-थ्रीची प्रॉबॅबिलिटी आयुष्यात कुठे उपयोगी पडते असं विचारणाऱ्यांनी आमच्या रूमवर यावं.

आमची लीग ऐतिहासिक आहे, म्हणजे कुठल्याही काळातला खेळाडू घेता येतो. सीझनच्या आधी ड्राफ्ट होतो. चिठ्ठ्या टाकून नंबर ठरतात आणि पहिल्या फेरीत शेवटी आलेला दुसऱ्या फेरीत पहिला निवडतो. पहिली निवड नेहमी बेब रूथ. त्यावर कोणी वादही घालत नाही. १९२० मध्ये त्याने एकट्याने ५४ होमरन मारले होते. त्या वर्षी अमेरिकन लीगमधल्या दुसऱ्या कुठल्याही अख्ख्या संघाचे मिळूनसुद्धा तेवढे झाले नव्हते. वर हा माणूस सुरुवातीच्या काळात अव्वल दर्जाचा पिचर. म्हणजे सचिन तेंडुलकर अधूनमधून कपिल देवसारखी बोलिंग टाकतोय असं समजा.

खरी मारामारी दुसऱ्या निवडीपासून सुरू होते, कारण काळ सारखे नसतात. १९३० मध्ये नॅशनल लीगच्या सगळ्या बॅटरांची मिळून सरासरी ०.३०३ होती. म्हणजे दर हजार संधींमागे ३०३ हिट. इतर काळात एवढ्यावर माणूस स्टार ठरतो. उलट १९६८ मध्ये पिचरनी इतका धुमाकूळ घातला, की कार्ल यस्त्रझेम्स्की ०.३०१ वर अमेरिकन लीगचा अव्वल बॅटर ठरला. पुढच्या वर्षी पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणावा लागला. तेव्हा १९३० मधला ०.३३० आणि १९६८ मधला ०.३०० यात मोठा कोण? यासाठी आम्ही प्रत्येकाचा आकडा त्याच्या लीगच्या त्या वर्षाच्या सरासरीने भागतो. सगळ्यांना मान्य, कोणाची तक्रार नाही.

तक्रार आहे ती दुसऱ्या एका नियमाबद्दल, आणि तो नियम मीच आणला होता. पहिल्या सीझनला एका दीडशहाण्याने जेमतेम वर्षभर चमकलेल्या कोणाला तरी उचललं आणि त्याच्या जोरावर आम्हा सगळ्यांना धुतलं. म्हणून मी ठराव मांडला, की ज्याने कारकिर्दीत किमान ५००० वेळा बॅटिंग केली आहे तोच बॅटर ड्राफ्टला पात्र. आठ विरुद्ध शून्य मतांनी पास. कमी सॅम्पल म्हणजे भरवसा नाही, हा साधा फंडा. इंजिनियर माणसाला यात चूक काय दिसणार?

गेल्या सेमला ड्राफ्टच्या रात्री मला कॅचर हवा होता. मी म्हटलं, "जॉश गिब्सन." आमच्या कमिशनरने (थर्ड इयर मेकॅनिकल, कॅल्क्युलेटर कायम खिशात) वही उघडली आणि शांतपणे सांगितलं, "पाच हजार नाय. तुझाच नियम आहे." सगळे खो खो हसले. मीही हसलो आणि दुसरा कॅचर घेतला. रात्री झोप मात्र लागली नाही.

गिब्सनचे पाच हजार का नाहीत? तो आळशी होता म्हणून नाही, की दुखापतीने लवकर संपला म्हणून नाही. तो काळा होता. मेजर लीगमध्ये काळ्या खेळाडूंना बंदी होती. गंमत म्हणजे तसा लेखी नियम कुठेच नव्हता, सगळा 'समजुती'चा मामला. त्यांच्या लीग्ज वेगळ्या होत्या, ज्यांना त्या काळी 'निग्रो लीग्ज' म्हणत. तिथला अधिकृत सीझन साठ-सत्तर सामन्यांचा, तर गोऱ्यांचा १५४ सामन्यांचा. बाकीचे दिवस पोटासाठी गावोगाव प्रदर्शनी सामने खेळायचे, जे हिशेबात धरले जात नाहीत. १५ एप्रिल १९४७ ला जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला आणि ही भिंत पडली. गिब्सन त्याच वर्षी २० जानेवारीला वारला होता. वय ३५. तीन महिन्यांनी हुकला.

सॅचेल पेज हा पिचर त्या मानाने नशीबवान. त्याला मेजर लीगमध्ये घेतलं १९४८ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी. त्या वयात त्याने सहा सामने जिंकले, एक हरला. त्याच्या पंचविशीतलं कार्ड आपण कशावरून बनवणार?

आता माझ्या नियमाकडे परत बघा. त्यात रंगाचा शब्दही नाही. ५००० म्हणजे ५०००, सगळ्यांना सारखं. पण ज्यांना खेळूच दिलं नाही, नेमके तेच या चाळणीतून खाली पडतात. मी कोणाला वगळायला निघालो नव्हतो. मला फक्त तो दीडशहाणा नको होता. पण अमेरिकेने १९४७ पर्यंत जे केलं तेच आमच्या विंगमध्ये एका एक्सेल फिल्टरने पुन्हा झालं, आणि त्यावर आम्ही चहा मागवला.

मी हे बोलून दाखवल्यावर आलेला पहिला मुद्दा: "अरे, पण त्यांचा डेटाच अपुरा आहे." खरं आहे. १९२० ते १९४८ या काळातल्या त्या लीग्जच्या नोंदींपैकी तीन चतुर्थांशच्या आसपास सापडल्या आहेत. पण गोऱ्यांच्या वह्या तरी कुठे स्वच्छ आहेत? टाय कॉब घ्या, आमच्या लीगमधला कायम पहिल्या फेरीतला माणूस. १९१० मधला त्याचा एक सामना हिशेबात दोनदा मोजला गेला होता, हे १९८१ मध्ये उघडकीला आलं. तेव्हाच्या कमिशनरने नोंद बदलायला नकार दिला. आजही काही ठिकाणी त्याची सरासरी ०.३६६ आणि काही ठिकाणी ०.३६७ दिसते. त्यावरून कॉबला ड्राफ्टमधून काढा असं आमच्यात कोणी म्हणालं नाही.

दुसरा मुद्दा जास्त वजनदार: "त्या लीगचा दर्जा काय होता कोणास ठाऊक." याला माझ्याकडे एक साधा आकडा आहे. १९४९ ते १९५९ या अकरा वर्षांत नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडूचा किताब नऊ वेळा निग्रो लीग्जमधून आलेल्या खेळाडूला मिळाला: रॉबिन्सन, कॅम्पानेला (तीनदा), मेज, न्यूकम, आरन, बँक्स (दोनदा). दार उघडल्याबरोबर ही स्थिती! मग दार बंद असताना पलीकडे काय दर्जाचे लोक होते याचा अंदाज बांधायला कॅल्क्युलेटर लागत नाही. आणि शंका घ्यायचीच तर दोन्हीकडे घ्या. रूथचे ते सगळे होमरन अशा लीगमधले, जिथे पेजला पाऊल ठेवायची परवानगी नव्हती.

बेसबॉलवाल्यांनी स्वतः हा प्रश्न उशिरा का होईना हाताळला. डिसेंबर २०२० मध्ये त्यांनी सात निग्रो लीग्जना मेजर दर्जा दिला आणि मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे मुख्य नोंदीत मिसळले. गिब्सन ०.३७२ वर कारकिर्दीच्या सरासरीत कॉबच्या वर गेला आणि एका सीझनच्या सरासरीत १९४३ च्या ०.४६६ ने पहिला आला. यावर बरीच आरडाओरड झाली. विली मेजलाही १९४८ च्या १० हिट मिळाल्या. तिथे कोणाचं फार दुखलं नाही, कारण तिथे कोणाचा विक्रम मोडत नव्हता.

हे वाचून मला पळवणकर बाळू आठवले. चांभार समाजातला हा डावखुरा स्पिनर पुण्याच्या जिमखान्यात नेट्समध्ये साहेबांना बोलिंग टाकत मोठा झाला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून जास्त बळी घेतले. जातीमुळे हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधी मिळालं नाही. भारताची पहिली टेस्ट १९३२ ची, तोवर त्याचं वय उलटून गेलेलं. भारताच्या ऑल टाइम इलेव्हनवर मेसमध्ये भांडताना आपण टेस्टचे आकडे काढतो. त्यात बाळूच्या नावापुढे काहीच नाही, म्हणून त्याचं नावही निघत नाही.

असो. नुसतं वाईट वाटून कार्ड तयार होत नाही, तेव्हा पुढच्या सीझनसाठी माझा ठराव असा. पाच हजारांची अट रद्द. त्याऐवजी प्रत्येक बॅटरच्या सीझनमध्ये त्याच्या लीगच्या सरासरीने खेळलेल्या २०० संधी मिसळायच्या. गोरा असो, काळा असो, सगळ्यांच्या. ज्याचं सॅम्पल कमी त्याचा आकडा आपोआप जास्त खाली येईल आणि तो एका वर्षाचा दीडशहाणाही यात सुटणार नाही. गिब्सनच्या १९४३ च्या संधी अडीचशेच्या आसपास आणि लीगची सरासरी ०.२७० धरली, तर ०.४६६ चा होतो ०.३७९. चांगलाच कापला जातो, तरीही त्या जागेवर माझ्याकडे आत्ता असलेल्या कॅचरपेक्षा कितीतरी वर राहतो.

कमिशनर म्हणतो, २०० कशाला, ४०० मिसळू. मिसळा, मोजून दाखवा, मग बोलू.

मतदान सबमिशन संपल्यावरच्या शनिवारी रात्री जेवणानंतर आमच्या रूमवर आहे. आत्तापर्यंत माझ्या बाजूने तीन मतं पक्की आहेत, पाच लागतात. चिठ्ठ्या मात्र आधीच टाकून झाल्या आहेत आणि माझा नंबर आलाय आठवा. म्हणजे ठराव पास झाला, तर माझी पाळी येईपर्यंत गिब्सन उरणार नाही.