किल्ली कोणाकडे?

गेले पंधरा दिवस आमच्या घरी जेवणाच्या वेळी एकाच वस्तूवरून वाद रंगतो आहे, आणि ती वस्तू अजून घरात आलेलीही नाही. या जानेवारीत, म्हणजे २०११ च्या आरंभी, ॲपल कंपनीचा आयपॅड भारतात अधिकृतपणे विक्रीस आला. सर्वांत स्वस्त नगाची किंमत २७,९०० रुपये. साड्यांचे नवे नमुने गिऱ्हाइकाला पडद्यावर दाखवता येतील, म्हणून माझ्या पुतण्याला तो हवा आहे. संगणक अभियंता असलेले आमचे जावईबापू मात्र म्हणतात, “थोडे थांबा.”

त्यांचे आक्षेप नोंदवण्याजोगे आहेत. ९.७ इंचांचा पडदा देखणा खरा. परंतु कॅमेरा नाही, यूएसबीची खाच नाही. चार्टर्ड अकाउंटंटने पेनड्राइव्हवर दिलेला ताळेबंद थेट उघडता येणार नाही. मेमरी कार्ड बसत नाही. १६ जीबीचा घेतला की १६ जीबीतच संसार करायचा. टॅली चालत नाही. फ्लॅशवर चालणारी चित्रे व चलचित्रे दिसत नाहीत. एका वेळी अनेक कामे करण्याची सोय आरंभी नव्हतीच. ती गेल्या नोव्हेंबरात दिली गेली. तथापि या उणिवा उघड्या आहेत. माल पारखून घेणाऱ्याने त्याबद्दल मागाहून कुरकुर करू नये.

माझे मन अडले ते निराळ्याच ठिकाणी. २७ जानेवारी २०१० रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे स्टीव्ह जॉब्स यांनी हे यंत्र प्रथम दाखवले, तेव्हा सभागृहाबाहेर फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचे कार्यकर्ते निषेध करीत उभे होते. त्यांची तक्रार नक्कल-प्रतिबंधक कुलुपाविषयी होती. या यंत्रात नवी आज्ञावली घ्यायची ती कंपनीच्याच दुकानातून, तिने मान्य केलेली. तिथे विकत घेतलेले कुलूपबंद पुस्तक दुसऱ्या कंपनीच्या वाचनयंत्रावर उघडत नाही, आणि वाचून झाल्यावर शेजाऱ्याला देता येत नाही.

यावर पुतण्या उसळून म्हणाला, “काका, मी मेहनतीने काढलेला नमुना आठ दिवसांत समोरच्या दुकानात लागतो. तेव्हा तुम्हीच म्हणता ना, ही चोरी आहे म्हणून? मग लेखकाने कुलूप लावले तर बिघडले कुठे?”

प्रश्न रास्त होता. नकलेने पोट मारले जाते, हे व्यापाऱ्याच्या घरात कोणी शिकवायला नको. पण मी ज्या खात्यात आयुष्य घालवले, तिथल्या लॉकरचे उदाहरण मला आठवले. लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची व एक खातेदाराची. एकट्या बँकेला तो एरवी उघडता येत नाही, म्हणून माणूस निर्धास्त झोपतो. इथे वस्तू आपली, पैसे आपले, किल्ली मात्र केवळ विकणाऱ्याची.

ही भीती काल्पनिक नाही. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने आपल्या किंडल यंत्रांवरून जॉर्ज ऑर्वेल यांच्या कादंबऱ्यांच्या विकलेल्या प्रती परस्पर पुसून टाकल्या. त्या प्रती हक्क नसलेल्या प्रकाशकाने विक्रीस ठेवल्या होत्या, हे खरे. वाचकांना पैसेही परत मिळाले. पण एका विद्यार्थ्याने अभ्यासासाठी काढलेल्या टिपणांना आधारच उरला नाही. पुढे कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर क्षमा मागितली. गंमत अशी, की पुसलेली एक कादंबरी होती ‘१९८४’, मजकूर नाहीसा करणाऱ्या सत्तेची!

कुलूप हे अटळ आहे, असेही नाही. ॲपलने स्वतःच्या दुकानातील गाण्यांवरचे कुलूप २००९ मध्ये काढले, तरी गाणी विकली जातच आहेत.

जावईबापूंनी शेवटी विचारले, “करारात हे सगळे लिहिलेले असते. वाचतो कोण?” मी गप्प राहिलो. कर्जाच्या कागदांवर पेन्सिलीने फुल्या मारून ‘इथे सही करा’ असे मीही शेकडो जणांना सांगितले आहे. वाचायला वेळ किती जणांना दिला, ते आठवत नाही.

पुतण्या येत्या आठवड्यात १६ जीबीचा आयपॅड घेणार आहे. त्यावर साड्यांची छायाचित्रे राहतील, हिशेब जुन्या संगणकावरच, आणि पुस्तके तूर्त कपाटात. तेवढ्यावर जावईबापूही राजी झाले.