केसांची आशा आणि खिशाचा हिशेब

टक्कल हा आपल्याकडे वर्षानुवर्षे विनोदाचा विषय आहे. नाटकात, गॅदरिंगमध्ये, लग्नाच्या पंगतीत टकलावर एक तरी कोटी होतेच. ज्याचे केस जात असतात तोही सर्वांबरोबर हसतो आणि घरी गेल्यावर दोन आरसे धरून डोक्याचा मागचा भाग न्याहाळतो. ज्याचे जळते त्याला कळते. मी बरीच वर्षे अमेरिकेत औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट म्हणून काम करतो. केसांचे औषध मागणारा माणूस मूळव्याधीचे औषध मागणाऱ्यापेक्षाही हळू आवाजात बोलतो, असा माझा अनुभव आहे. त्यात आपली कॉलेजातली मुले असतात, लग्नाचे बघत असलेले तरुण असतात आणि पन्नाशीत नव्या नोकरीच्या मुलाखतींना जाणारे गृहस्थही असतात.

या सर्वांना माझे सांगणे एकच आहे. नव्या औषधाची आशा जरूर ठेवावी. पण आज जे सिद्ध झाले आहे ते करायचे की नाही, हे आजच ठरवावे. "काहीतरी चांगले निघेपर्यंत थांबू" या मधल्या अवस्थेत केसही जातात, पैसाही जातो आणि उमेदीची वर्षेही जातात.

आधी कारण समजून घेऊ. "इथले पाणी केसांना मानवत नाही" हे आपण सगळेच म्हणतो. पण पुरुषांच्या नेहमीच्या टकलाचा पाण्याशी, टोपीशी किंवा शाम्पूशी संबंध नाही. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४२ साली दाखवून दिले की, वयात येण्यापूर्वी ज्यांची वृषणे निकामी झाली त्या पुरुषांना टक्कल पडत नाही. मात्र त्यांना पुरुषी हार्मोन दिले, तर ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांचे केस जाऊ लागतात. म्हणजे हार्मोन आणि आनुवंशिकता अशी दोन्ही कारणे लागतात. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचे द्रव्य तयार होते. कपाळाजवळची आणि टाळूवरची केसांची मुळे त्याला संवेदनशील असली, तर ती हळूहळू आक्रसतात आणि प्रत्येक नवा केस आधीच्यापेक्षा बारीक येतो. "मामावर गेलाय" यात थोडे तथ्य आहे, कारण एक महत्त्वाचा जीन आईकडून येतो. पण इतर अनेक जीन दोन्हीकडून येतात, तेव्हा एकट्या मामाला दोष देऊ नये. माक्याचे किंवा जास्वंदीचे तेल आईच्या हातून जरूर लावून घ्यावे. त्याने डोके शांत होते, केस मऊ राहतात. डीएचटी मात्र हटत नाही.

केस गळणे म्हणजे प्रत्येक वेळी टक्कल असेही नाही. मोठा ताप, शस्त्रक्रिया किंवा उपासमारीचे डाएट यांनंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस जातात आणि बहुधा परत येतात. थायरॉइडचा दोष असू शकतो, लोह कमी असू शकते. चाई पडते तो तर वेगळाच आजार. म्हणून पहिला खर्च त्वचारोगतज्ज्ञाच्या एका भेटीचा. तो वाया जात नाही.

आता सिद्ध झालेली औषधे. अमेरिकेत पुरुषांच्या टकलासाठी एफडीएने मंजूर केलेली औषधे दोनच, आणि दोन्ही दुसऱ्याच आजारांवरची. मिनॉक्सिडिल मूळचे रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले म्हणून त्याचे डोक्याला लावायचे औषध झाले. ते १९८८ मध्ये मंजूर झाले आणि १९९६ पासून चिठ्ठीशिवाय मिळू लागले. फिनास्टेराइड ही १९९२ साली आलेली प्रोस्टेटची गोळी. तीच एक मिलिग्रॅमच्या मात्रेत १९९७ च्या डिसेंबरात टकलासाठी मंजूर झाली. ती डीएचटी कमी करते. दोन वर्षांच्या चाचणीत ती घेणाऱ्या शंभरांपैकी ८३ जणांचे टाळूवरचे केस मोजणीत कमी झाले नाहीत. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत असे २८ होते.

हे आकडे चांगले आहेत, पण त्यांचा अर्थ नीट घ्यावा. ही औषधे आहे ते राखतात. गेलेले सगळे परत आणत नाहीत. परिणाम दिसायला सहा महिने ते वर्ष लागते, आणि औषध बंद केले की फायदाही काही महिन्यांत ओसरतो. फार वर्षे आक्रसलेले मूळ औषधाने जागे होत नाही. म्हणूनच थांबून राहणे महागात पडते. दहा वर्षांनी चांगले औषध आलेच, तरी त्याचाही उपयोग डोक्यावर शिल्लक असलेल्या मुळांनाच अधिक होण्याचा संभव आहे.

दुष्परिणामांबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. फिनास्टेराइडच्या चाचण्यांत शंभरात सुमारे चार जणांनी कामेच्छा किंवा कामशक्ती कमी झाल्याचे सांगितले. औषध नसलेल्या गोळीवर असे दोघे होते. औषध थांबवल्यावरही हा त्रास राहिल्याच्या तक्रारी आल्या, म्हणून २०१२ मध्ये तशी सूचना औषधाच्या माहितीपत्रकात घालण्यात आली. २०२२ मध्ये आत्महत्येचे विचार आल्याच्या नोंदींचाही त्यात समावेश झाला. मन उदास होऊ लागले तर गोळी थांबवून डॉक्टरांना लगेच सांगावे. या गोळीने पीएसए या रक्ततपासणीचा आकडा सुमारे निम्म्यावर येतो, म्हणून प्रोस्टेटची तपासणी करताना गोळीचा उल्लेख जरूर करावा. गरोदर स्त्रीने मोडलेली गोळी हाताळू नये. आणि रक्तदान शिबिरात नाव देणाऱ्यांनी शेवटच्या गोळीनंतर महिनाभर थांबावे.

आपली मुले हल्ली फोनवर चार प्रश्नांची उत्तरे देऊन हे औषध घरपोच मागवतात. ते आईवडिलांना तर सोडाच, घरच्या डॉक्टरांनाही ठाऊक नसते. काही कंपन्या फिनास्टेराइड डोक्याला लावायच्या फवाऱ्यात मिसळून देतात. असे एकही मिश्रण मंजूर केलेले नाही आणि त्यानेही दुष्परिणाम झाल्याच्या नोंदी आहेत, असा इशारा एफडीएने एप्रिल २०२५ मध्ये दिला.

आता खिशाकडे वळू.

१. महिन्याच्या हप्त्याला वर्षांनी गुणावे. समजा, एखादी कंपनी महिन्याला ५० डॉलर घेते. वर्षाचे ६०० झाले आणि वीस वर्षांचे १२,०००. तीच जेनेरिक औषधे साध्या दुकानात बरीच स्वस्त पडतात. दोन्हीकडचे भाव विचारून मगच ठरवावे.

२. केशारोपण ही ठेव मोडण्यासारखी गोष्ट आहे. डोक्याच्या मागच्या भागातले केस काढून पुढे लावतात. काढलेल्या जागी ते पुन्हा येत नाहीत. विसाव्या-बाविसाव्या वर्षी पुढचा भाग भरून घेतला आणि मागून टक्कल वाढत गेले, तर मध्येच बेट उरते आणि ठेवही संपलेली असते. डिसेंबरच्या सुट्टीत भारतात स्वस्तात उरकून येणाऱ्यांनी शस्त्रक्रिया प्रत्यक्ष कोण करणार, डॉक्टर की तंत्रज्ञ, हे आधी विचारावे. भारताच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगालाही २०२२ मध्ये बजावावे लागले की, यूट्यूब किंवा कार्यशाळा पाहून केशारोपण शिकता येत नाही. शिवाय परत आल्यावर काही बिघडले तर टाके कोण बघणार, याचेही उत्तर तयार हवे.

३. करात सवलत नाही. आयआरएस केशारोपणाला सौंदर्यासाठीचा खर्च मानते, त्यामुळे तो वैद्यकीय खर्चात धरता येत नाही. मात्र आजारामुळे सगळे केस गेलेल्या रुग्णाने डॉक्टरांच्या सल्ल्यावरून मानसिक स्वास्थ्यासाठी घेतलेला विग धरता येतो.

४. केसांच्या गोळ्यांतले बायोटिन. शरीरात त्याची कमतरता नसेल तर त्याने टक्कल थांबल्याचा पुरावा नाही. उलट त्याचा मोठा डोस रक्ततपासण्या चुकवतो. हृदयविकाराच्या झटक्याचे निदान करणारी ट्रोपोनिन चाचणीही त्यामुळे खोटी कमी दिसू शकते, असा एफडीएचा २०१७ चा इशारा आहे. आपल्या लोकांतले हृदयविकाराचे प्रमाण पाहता हा धोका कशाला घ्यायचा?

राहिला आशेचा प्रश्न. आशा अगदीच पोकळ नाही. चाईसाठी २०२२ ते २०२४ या काळात तीन नवी औषधे मंजूर झाली; ती नेहमीच्या टकलासाठी नाहीत, पण केसांच्या विकारांवर गंभीर संशोधन होते आहे याची ती खूण आहे. क्लास्कोटेरोन हे मलम २०२० साली मुरुमांसाठी मंजूर झाले. ते त्वचेवरच पुरुषी हार्मोनचा परिणाम अडवते. टकलासाठी त्याच्या जास्त मात्रेच्या द्रावाच्या चाचण्या शेवटच्या टप्प्यापर्यंत पोचल्या आहेत. प्रयोगशाळेत मुळे वाढवून नवे केस देण्याचे आश्वासन मात्र "आणखी पाचच वर्षे" असे मी अनेकदा ऐकले आहे. बातमी आनंदाने वाचावी. परंतु मंजुरी मिळेपर्यंत तिच्यावर एक डॉलरही लावू नये.

आणि घरच्यांसाठी दोन शब्द. बावीस वर्षांच्या मुलाचे केस जाऊ लागतात तेव्हा त्याचे वय एका वर्षात दहा वर्षांनी वाढल्यासारखे त्याला वाटते. त्याला "त्यात काय एवढे" म्हणणे आणि चारचौघांत चिडवणे, दोन्ही टाळावे. तो खोलीबाहेर पडेनासा झाला, फोटो टाळू लागला, तर प्रश्न केसांपुरता राहिलेला नाही असे समजून मदत घ्यावी. मुलामुलींची माहिती कळवताना "मुलाला केस कमी आहेत" हे वाक्य व्यंग सांगितल्यासारखे आपणच उच्चारतो. शिक्षण, स्वभाव, आरोग्य यांच्या पंक्तीत केसांना बसवण्याचे कारण नाही.

ज्याला औषध घ्यायचे आहे त्याने ते लवकर आणि डॉक्टरांना सांगून घ्यावे, वर्षाचा खर्च ठरवून घ्यावा आणि वर्षभराने फोटो शेजारी ठेवून निर्णय करावा. ज्याला घ्यायचे नाही त्याने न्हाव्याकडे जाऊन डोके बारीक करून घ्यावे, उन्हात टोपी घालावी आणि विषय मिटवावा. दोन्ही मार्ग सन्मानाचे आहेत. नवे औषध येईल तेव्हा येवो. तोवर ठरलेले लग्न, नवी नोकरी आणि नाटकातली मुख्य भूमिका यांपैकी काहीही त्याच्यासाठी पुढे ढकलू नये.