फांदीवरच्या माणसाचा हिशेब

मे महिन्याच्या मध्यावर मुंबई-ठाण्यातल्या सोसायट्यांमध्ये एक ठरलेले दृश्य दिसते. आवारातल्या धोकादायक फांद्या छाटून घ्या, अशी महापालिकेची सूचना आलेली असते. सचिव तीन ठेकेदारांकडून दर मागवतात आणि सर्वांत कमी दराचा ठेकेदार ठरतो. रविवारी सकाळी टेम्पोतून पाच माणसे, दोन दोर, एक शिडी, कोयते आणि एक कटर मशीन उतरते. त्यातला एक पोरगेलासा तरुण चप्पल काढून गुलमोहरावर चढतो. खाली उभे असलेले रहिवासी त्याला कोणती फांदी हवी, कोणती नको हे ओरडून सांगतात. तो पडला तर काय, हा प्रश्न मात्र दर मागवताना कोणी विचारलेला नसतो.

पावसाळ्यात झाड कोसळून माणूस दगावला की त्याची बातमी होते, आणि ती व्हायलाच हवी. जुलै २०१७ मध्ये चेंबूरला नारळाचे झाड अंगावर पडून एका महिलेचा मृत्यू झाला तेव्हा शहर हळहळले होते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने मुंबईत शेकडो झाडे आडवी केली. तेव्हापासून मान्सूनपूर्व छाटणीकडे अधिक लक्ष जाऊ लागले. पण हे काम प्रत्यक्ष करणाऱ्या छोट्या टोळ्या, त्यांचे मालक आणि त्यांचे कामगार या चर्चेत येतच नाहीत. झाडाची तब्येत, कामगाराची तब्येत आणि त्या छोट्या धंद्याची तब्येत या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. एक बिघडली की उरलेल्या दोन बिघडतात.

झाड भरून येत नाही, बंद करून घेते

आधी झाडाकडे पाहू. आपल्या त्वचेला जखम झाली तर तिथे नव्या पेशी तयार होऊन जखम भरते. झाडाचे तसे नसते. अमेरिकेच्या वनसेवेतले संशोधक अॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडे उभी चिरून पाहिली आणि १९७०च्या दशकात दाखवून दिले की झाड जखमी भाग दुरुस्त करत नाही. ते त्याभोवती आतून भिंती उभारून कुज तिथेच कोंडून ठेवते आणि बाहेरून नवे लाकूड वाढवून तोंड बंद करते.

त्यामुळे काप कुठे घेतला याला फार महत्त्व आहे. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडे दिसते. काप त्या कड्याच्या लगेच बाहेर घ्यायचा. कडेच कापले तर झाडाची संरक्षणाची भिंत जाते. लांब खुंट ठेवला तर तो कुजतो आणि कुज आत शिरते. जड फांदी आधी खालून थोडी कापायची, मग थोडे पुढे वरून कापून तिचे वजन उतरवायचे आणि शेवटी उरलेला खुंट काढायचा. हे तीन काप घेतले नाहीत तर फांदी तुटताना खोडाची साल खालपर्यंत सोलून नेते. कापावर डांबर किंवा रंग फासण्याचाही उपयोग नाही, उलट त्याखाली ओल कोंडते.

घाईत केलेली छाटणी यापेक्षा वाईट असते. शेंडाच उडवला की दोन पावसाळ्यांत तिथे कोवळ्या फुटव्यांचा झाडू उगवतो. हे फुटवे सालीच्या लगत, वरवर धरलेले असतात. जाड झाले की वाऱ्यात तेच आधी तुटतात. एकाच बाजूच्या फांद्या काढल्या तर झाड कलते. म्हणजे सुरक्षेसाठी केलेली छाटणी चार वर्षांनी धोका होऊन परत येते. नेमका काप घ्यायला वेळ लागतो, आणि झाडामागे पैसे ठरलेल्या टोळीकडे वेळच नसतो.

चौदा मीटर प्रतिसेकंद

आता फांदीवरच्या माणसाकडे पाहू. एक फूट जाडीची, दहा फूट लांब ओली फांदी दीडशे ते दोनशे किलो भरते. दहा मीटर उंचीवरून पडणारी वस्तू सुमारे दीड सेकंदात जमिनीवर येते, तेव्हा तिचा वेग ताशी ५० किलोमीटर असतो. फांदीला लागू होणारे हे गणित माणसालाही तसेच लागू होते.

कटर मशीनची साखळी सेकंदाला २० मीटरच्या आसपास धावते. पात्याचे टोक एखाद्या गाठीला लागले तर मशीन उसळून माणसाकडे येते. माणसाला प्रतिक्रिया द्यायला साधारण पाव सेकंद लागतो, तोवर पाच मीटर साखळी फिरून गेलेली असते. म्हणून झाडावर एका हाताने मशीन चालवणे हा कौशल्याचा नमुना नाही, ती अपघाताची तयारी आहे.

कमरेला बांधलेला पट्टा म्हणजे सुरक्षा, हाही समज मोडायला हवा. नुसत्या कमरपट्ट्यावर माणूस झटक्याने अडकला तर पाठीचा कणा आणि पोटातले अवयव यांना इजा होते. मांड्या आणि धड यांना आधार देणारा हार्नेस हवा, आणि तो कापायच्या फांदीला नव्हे तर वरच्या भक्कम आधाराला बांधलेला हवा. तेवढ्यानेही काम संपत नाही. बेशुद्ध किंवा जखमी माणूस हार्नेसमध्ये लटकत राहिला तर पायांच्या शिरांत रक्त साचते. पायांचे स्नायू हलत नसल्याने ते हृदयाकडे परतत नाही आणि काही मिनिटांतच जिवावर बेतू शकते. अग्निशमन दलाची गाडी येईपर्यंत थांबणे परवडत नाही. त्याला खाली आणणारा माणूस टोळीतच असावा लागतो. खाली आणल्यावर त्याला आडवे करू नये, असा जुना सल्ला अजून ऐकू येतो. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा विभागाच्या परीक्षणात त्याला आधार सापडला नाही. नेहमीप्रमाणे आडवे करून प्रथमोपचार करावेत.

यात मे महिन्याची भर पडते. कोकणपट्टीच्या दमट उकाड्यात घाम वाळत नाही आणि शरीराचे तापमान चढत जाते. उष्ण कामाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून नव्या माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या पाचव्या हिश्श्याएवढेच काम द्यावे आणि रोज तेवढेच वाढवत न्यावे, असा अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेचा सल्ला आहे. दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर पाणीही हवे. आपल्याकडे नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी त्याची परीक्षा म्हणून त्याला सर्वांत उंच झाडावर चढवले जाते. विजेच्या तारा, आंब्यावरचे हुमले, आग्या मोहोळ, मशीनच्या आवाजाने वर्षानुवर्षे कमी होत जाणारे ऐकू येणे आणि सततच्या कंपनाने बधिर होणारी बोटे हे धोके वेगळेच.

पाच माणसांचा धंदा

मग ठेकेदार हे सारे का करत नाही? त्याला खलनायक ठरवून प्रश्न सुटत नाही. हा ठेकेदार बहुधा कालपर्यंत स्वतः झाडावर चढणारा असतो. त्याच्याकडे चार-पाच माणसे असतात आणि वर्षाची बरीचशी कमाई एप्रिल-मेच्या सहा-सात आठवड्यांत होते. सोसायटी कमी दर पाहते, महापालिकेच्या निविदेतही कमी दरालाच वजन असते. दोर बदलला, हार्नेस घेतला, माणसाला शिकवले की दर वाढतो आणि काम दुसऱ्याकडे जाते. शिकवलेला माणूस पुढच्या हंगामात शेजारच्या ठेकेदाराकडे जाईल, ही भीतीही असतेच.

पण या हिशेबात एक रक्कम नेहमी सुटते. कामावर मृत्यू झाल्यास मालकाने द्यायच्या भरपाईचे सूत्र १९२३ च्या कायद्याने घालून दिले. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही भरपाईची जबाबदारी मालकावरच आहे. वेतनाच्या निम्म्याला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे, असे ते सूत्र आहे. महिन्याला १५ हजार रुपये मिळवणाऱ्या तीस वर्षांच्या कामगारासाठी गुणक २०७.९८ आहे. म्हणजे भरपाई १५ लाख ५९ हजार ८५० रुपये होते. पाच माणसांच्या धंद्यात ही रक्कम कुठून येणार? बहुतेक वेळा येतच नाही. गावाकडच्या कुटुंबाच्या हातावर काही हजार टेकवले जातात आणि प्रकरण मिटते.

दुसरा मार्ग महाग नाही. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या मालकाला कर्मचारी राज्य विमा योजना सक्तीची नाही. मात्र मालक आणि कामगार यांच्या संमतीने त्यात स्वेच्छेने सामील होता येते. मालकाचा हिस्सा वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के असतो. १५ हजारांच्या पगारावर मालकाचे महिन्याला ४८७ रुपये ५० पैसे जातात. पाच माणसांचे मिळून अडीच हजारांच्या आत. त्यात कुटुंबाचे उपचार येतात, आणि कामावर मृत्यू झाल्यास वारसांना वेतनाच्या ९० टक्के दराने निवृत्तिवेतनासारखी रक्कम मिळते. ते जमत नसेल तर सर्वसाधारण विमा कंपन्यांची मालकाची जबाबदारी उचलणारी कामगार भरपाई पॉलिसी आहे.

पैशाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे माणसे कशी वागवली जातात. झाडामागे मजुरी दिली की घाई होणारच. दिवसाचा रोज ठरवला तर तीन काप घ्यायला सवड मिळते. सकाळी काम सुरू होण्याआधी दहा मिनिटे झाडाभोवती फिरून कुज, भेगा, पोळी आणि तारा पाहायच्या, आणि आज कोणी अडकले तर वर कोण जाणार हे ठरवायचे. ब्रिटनमध्ये झाडावर काम करताना किमान दोघे असतात आणि त्यातला एक सुटका करण्याचे शिक्षण घेतलेला असतो. माणसाला चढवणारी साधने तिथे दर सहा महिन्यांनी तपासून घ्यावी लागतात. आपल्याकडे दोर तुटेपर्यंत वापरला जातो. सर्वांत अवघड सवय म्हणजे ‘आज हे झाड नको’ असे म्हणणाऱ्या कामगाराचा रोज न कापणे. झाडाची नस वर असलेल्या माणसाला आधी कळते. त्याचे ऐकणारा मालक अपघात टाळतो आणि माणूसही टिकवतो.

हे आपल्याकडे होऊच शकत नाही, असेही नाही. केरळात माडावर चढणारी माणसे मिळेनाशी झाली तेव्हा नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये तरुणांना प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. चढण्याचे यंत्र, प्रशिक्षण आणि अपघात विमा एकत्र दिला गेला. परंपरेने हिणवले गेलेले काम कौशल्याचे काम ठरले आणि त्यात महिलाही आल्या. गोव्यातल्या पाडेलींना किंवा कोकणातल्या माडावर चढणाऱ्यांना ही अडचण सांगायला नको. शहरातल्या छाटणीसाठी असा अभ्यासक्रम आणि परवाना महापालिकांनी सुरू करायला काय हरकत आहे? २०१८ मध्ये पूर्ण झालेल्या गणनेनुसार मुंबईत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे आहेत. एवढ्या झाडांना वर्षभर पुरेल इतके काम आहे. ते दोन महिन्यांत कोंबण्याऐवजी हिवाळ्यापासून वाटून दिले तर उकाडाही टळेल आणि टोळ्यांना बारमाही रोजगार मिळेल. निविदेत विमा, प्रशिक्षित माणूस आणि साधनांची तपासणी या अटी आल्या तर प्रामाणिक ठेकेदाराचा दर महाग वाटणार नाही, कारण तो खर्च सर्वांच्याच दरात असेल.

तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. ‘झाडामागे किती घेणार?’ हा प्रश्न सोसायटीने जरूर विचारावा, पण तो चौथा असावा. महापालिकेची परवानगी आहे का, कामगारांच्या विम्याचा कागद दाखवा आणि वरचा माणूस अडकला तर त्याला खाली कोण आणणार, हे तीन प्रश्न त्याच्या आधीचे. उत्तरे देता न येणाऱ्याचा दर कितीही कमी असला तरी त्याला आवारात येऊ देऊ नये. त्याच्या दरातून वाचणारे चार पैसे त्या चप्पल काढून चढणाऱ्या तरुणाच्या जिवातून वळते केलेले असतात.