पत्र्यावरची ड्युटी दिघ्यात कोण भरतं?

टॅरिफ म्हटलं की आपल्याकडे चर्चा ट्रम्प यांच्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. 7 ऑगस्ट 2025 पासून भारतीय मालावर 25 टक्के, 27 ऑगस्टपासून रशियन तेलाच्या कारणाने आणखी 25 टक्के टॅरिफ लागलं होतं. ती चर्चा व्हायलाच हवी. पण ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याच्या उत्तर टोकाला, दिघ्यात, पत्रा कापून, वाकवून रॅक आणि पॅनेलच्या पेट्या बनवणाऱ्या माणसाच्या खिशात हात घालणारी ड्युटी वॉशिंग्टनची नव्हे, दिल्लीची आहे.

एप्रिल 2025 मध्ये केंद्राने कॉइल, पत्रा, प्लेट अशा सपाट पोलादाच्या आयातीवर 12 टक्के सेफगार्ड, म्हणजे संरक्षक, ड्युटी बसवली. आधी 200 दिवसांसाठी. कारण खरं होतं. 2024 मध्ये चीनने 11 कोटी टनांहून जास्त पोलाद जगात ओतलं. त्या भावाशी आपल्या कारखान्यांनी कसं झुंजायचं?

हिशेब मांडू. चीनहून टनाला 50,000 रुपये भावाची कॉइल न्हावाशेव्याला उतरली. मूळ सीमाशुल्क साडेसात टक्के, म्हणजे 3,750 रुपये. त्यावर दहा टक्के अधिभार, 375. सेफगार्डचे, 12 टक्क्यांनी, 6,000. जीएसटी धरण्याआधीच 10,125 रुपये झाले. हे पैसे चीन भरत नाही. बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सकडचा आयातीचा कागद, ज्याच्या नावावर आहे तो आपला आयातदार भरतो आणि पुढे गिऱ्हाइकाकडून वसूल करतो. अमेरिकेतही हेच घडतं; भारतीय मालावरची ड्युटी तिथला आयातदारच भरतो.

दिघ्यातला गाळेवाला म्हणेल, मी कुठे चीनचा पत्रा घेतो? खरी मेख इथेच आहे. बाहेरचा माल महागला की देशी कारखान्याला भाव चढवायला तेवढी जागा मिळते. आयात मालावरची ड्युटी निदान सरकारी तिजोरीत जाते. देशी पत्र्याची भाववाढ मात्र गाळेवाल्याकडून थेट पोलाद कंपनीकडे जाते आणि कुठल्याच पावतीवर दिसत नाही. वर तयार रॅक बाहेरून आली, तर तिच्यावर ही सेफगार्ड ड्युटी नाही. कच्चा माल महाग आणि स्पर्धकाचा तयार माल या ड्युटीतून मोकळा, असा दोन्हीकडून चाप बसतो.

म्हणून ड्युटी नकोच, असं मी म्हणणार नाही. महाराष्ट्राच्या इतिहासाला ते शोभणारं नाही. 1896 मध्ये इंग्रज सरकारने इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांच्या दबावाखाली मुंबईच्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर लादला, विलायती कापडावरच्या आयातकराच्या बरोबरीने. आपल्या उद्योगाला मिळणारा आडोसाच काढून घेतला. न्यायमूर्ती रानड्यांनी 1892 च्या पुण्यातल्या व्याख्यानात सांगितलं होतं की खुल्या व्यापाराचं इंग्लंडमधलं शास्त्र हिंदुस्थानला जसंच्या तसं लागू होत नाही. पोलादाला संरक्षण देणारा कायदा आला तो 1924 मध्ये, आणि टाटांचा जमशेदपूरचा कारखाना त्या आधारावर तगला. कोवळ्या उद्योगाला कुंपण हवंच. पण आजच्या बड्या पोलाद कंपन्या कोवळ्या नाहीत आणि दिघ्यातला गाळा मोठा नाही.

सेफगार्ड ड्युटी कायद्यानेच मुदतीची असते. पहिल्या खेपेला जास्तीत जास्त चार वर्षं, मुदतवाढ धरून दहा. तिच्या चौकशीत पोलाद वापरणाऱ्या उद्योगांनाही म्हणणं मांडता येतं. मोठ्या कंपन्या तिथे वकील घेऊन जातात. पट्ट्यातल्या उद्योजक संघटनांनी सभासदांची पत्रा खरेदीची बिलं, ड्युटीआधीची आणि नंतरची, आतापासून गोळा करावीत आणि पुढच्या सुनावणीला ती घेऊन दिल्लीला जावं.