फोटो फॉरवर्ड करणं म्हणजे शोधणं नव्हे



पोस्ट मोठी आहे आणि विषय गोड नाही. "सकाळी सकाळी काय हे अभद्र!" असं मनात आलं तर थांबा, कारण माझं भांडण त्या वाक्याशीच आहे.

२२ जुलै २०२१. चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा आमच्याकडे कॅलिफोर्नियात आदल्या दिवशीची संध्याकाळ होती. आई तिथे एकटी. फोन लागेना, शेजाऱ्यांचा लागेना, कुणाचाच लागेना. मी काय केलं? तुम्ही केलं असतं तेच. लेकीच्या बारशातला आईचा फोटो काढला, खाली "बेपत्ता, कृपया जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा" लिहिलं आणि चौदा ग्रुपवर टाकला.

तिसऱ्या दिवशी फोन आला. आई शेजारच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर सुखरूप होती. मी रडलो, देवापुढे साखर ठेवली, फॅमिली ग्रुपवर "सापडली" लिहिलं. उरलेल्या तेरा ग्रुपचं काय? विसरलो.

पुढचे तीन आठवडे तो फोटो फिरत राहिला. एका बाईंनी तर आईलाच फोन करून "घरच्यांना धीर द्या" म्हणून सांगितलं. आई हसली. मला नंतर कळलं की होडी घेऊन फिरणाऱ्या मुलांनी त्या फोटोपायी आमच्या गल्लीत आणखी दोन फेऱ्या मारल्या होत्या, आई सापडल्यानंतर. त्या दोन फेऱ्या दुसऱ्या कुणाच्या तरी आईच्या वाट्याच्या होत्या. ते माझ्या डोक्यातून जात नाही.

ही फक्त आपल्या मराठी व्हॉट्सॲपची खोड नाही. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात पॅरडाइज गाव जळालं तेव्हा बेपत्तांची यादी एका वेळी बाराशेच्या वर गेली होती. शेवटी मृतांचा आकडा ८५ ठरला. बाकीची नावं कुठून आली? एकच माणूस दोन स्पेलिंगने, किंवा मैत्रिणीकडे सुखरूप असलेला आणि आपलं नाव यादीत आहे हे ठाऊकच नसलेला. ऑगस्ट २०२३ मध्ये हवाईतलं लहायना जळालं, तिथे ३८८ नावं जाहीर केल्यावर एका दिवसात शंभराहून जास्त जणांचा पत्ता लागला, ते सुखरूप होते. अशी नावं यादीत असतात तोवर खऱ्या बेपत्तांकडे लागायचं मनुष्यबळ त्यांच्यामागे धावत असतं.

आता त्याहून अवघड भाग. माणूस जिवंत सापडला नाही तर?

आपल्याला वाटतं, घरचं कुणीतरी जाईल, बघेल, ओळखेल. दुर्दैवाने तसं होत नाही. पाण्यात, चिखलात, आगीत सापडलेला चेहरा सख्ख्या माणसालाही ओळखू येत नाही, आणि धक्क्यात असलेला माणूस चुकीच्या देहाला "हो, हेच" म्हणून जातो. मग दोन घरांचं नुकसान होतं. एक घर परक्याला अग्नी देतं, दुसरं आयुष्यभर वाट बघतं. म्हणून इंटरपोलच्या पद्धतीत नुसत्या चेहऱ्यावरून ओळख पक्की धरत नाहीत. कपडे, दागिने, गोंदण यांची मदत होते, पण भरवशाच्या खुणा तीनच: बोटांचे ठसे, दात आणि डीएनए. शरीरात बसवलेल्या इम्प्लांटवरचा नंबरही चालतो.

२००४ च्या त्सुनामीत थायलंडमध्ये पाच हजारांवर माणसं गेली, त्यांत परदेशी पर्यटक खूप होते. सुरुवातीच्या महिन्यांत ज्यांची ओळख पटली त्यांतल्या बहुतेकांची दातांवरून पटली, कारण त्यांच्या गावच्या डेंटिस्टकडे एक्स-रे होते. आपल्याकडे डेंटिस्ट एक्स-रे आपल्याच हातात देतो आणि तो गॅसच्या बिलांच्या पिशवीत जातो. पिशवी घराबरोबर वाहून जाते.

"आधारला ठसे आहेत की!" असं म्हणणारे भेटतात. आहेत. पण आधार कायद्याच्या कलम २९ प्रमाणे ते ठसे कुणालाच देता येत नाहीत. त्या भरवशावर बसू नका.

राहिला डीएनए. इथे गोष्ट थेट तुमच्या-माझ्यापर्यंत येते. नवऱ्याच्या डीएनएवरून बायकोची ओळख पटत नाही. आई-वडील किंवा पोटची मुलं लागतात, भावंडांचाही उपयोग होतो. आता सांगा, गावाकडे आई-बाबा दोघंच, मुलगा टेक्ससात, मुलगी दुबईत. त्यांची सगळ्यात खात्रीची खूण कुठे आहे? तुमच्या गालाच्या आतल्या बाजूला. १२ जून २०२५ चा अहमदाबादचा विमान अपघात ही नैसर्गिक आपत्ती नव्हती, पण तिथेही ब्रिटनहून आलेल्या नातेवाइकांनी नमुने दिले.

"डीएनए द्यायचा म्हणजे सरकारच्या हातात जायचा", ही भीती मला समजते. व्हिसावर राहणाऱ्याला तर जास्तच. लहायनातही सुरुवातीला नातेवाईक नमुने द्यायला पुढे येत नव्हते. हे नमुने फक्त ओळख पटवण्यासाठी आहेत, असं अधिकाऱ्यांना जाहीरपणे सांगावं लागलं. जरूर विचारा: नमुना कुणाकडे राहणार, कधी नष्ट होणार. लेखी मागा. पण विचारून झालं की द्या. त्याच लहायनात मृतांचा आकडा आधी ११५ धरला होता, तो तपासण्यांनंतर ९७ वर आला, कारण वेगवेगळे समजलेले काही अवशेष एकाच माणसाचे निघाले. पुढे तो १०२ झाला. हे फोटो बघून कळलं नसतं.

आणि ओळख पटलीच नाही तर काय होतं, ते आपल्या मातीत पाहिलंय आपण. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं मिळालीच नाहीत, आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. अशा घरांना मृत्यूचा दाखला सरकारने खास निर्णय घेतला तरच लवकर मिळतो, नाहीतर कायद्याप्रमाणे सात वर्षं वाट बघायची. आपल्या धर्मशास्त्रानेही देह न मिळालेल्यांसाठी पालाशविधी सांगून ठेवलाय. पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिला अग्नी द्यायचा. म्हणजे आपले पूर्वज या विषयावर बोलत होते. "अभद्र बोलू नये" म्हणून गप्प बसणारे आपणच!

तर या रविवारी, आई-बाबांना व्हिडिओ कॉल कराल तेव्हा, एवढं करा:

१. दातांचे एक्स-रे, कवळीचे कागद, काय असेल त्याचा फोटो मागवा. नसेल तर दात दिसतील असा हसरा फोटो काढून घ्या. तोही उपयोगी पडतो.

२. गुडघा बदललाय, पेसमेकर आहे? डिस्चार्जच्या कागदांवर इम्प्लांटचं स्टिकर असतं. त्याचा फोटो.

३. आधारवरचं नाव, माहेरचं नाव, गल्लीत हाक मारतात ते नाव, तिन्ही मराठीत आणि इंग्रजी स्पेलिंगसकट लिहून ठेवा.

४. गावातल्या तीन माणसांचे नंबर घ्या, पैकी एक दुसऱ्या गावातला. नेटवर्क सगळीकडे एकदम जात नाही.

५. हे सगळं एका फोल्डरमध्ये, आणि फोल्डर भावंडांपैकी दोघांकडे.

६. मुलांना जेवताना विचारा, "आजीचं नाव काय? गाव कुठलं? तालुका?" आमच्या दहा वर्षांच्या लेकीला येत नव्हतं. तिच्यासाठी आजी म्हणजे आजी. कुठल्याही यादीत "आजी" या नावाने शोध लागत नाही. तुमचं पूर्ण नाव आणि एक फोन नंबरही तोंडपाठ हवा.

७. आणि कधी फोटो टाकावाच लागला तर तारीख, वेळ आणि स्वतःचा नंबर घाला. माणूस सापडलं की जिथे जिथे टाकला तिथे तिथे "सापडले, शोध थांबवा" लिहा, पोलिसांनाही कळवा. चौदा ठिकाणी टाकला तर चौदाही ठिकाणी.

मृतदेहांचे फोटो तर कधीच पुढे ढकलू नका. कुणाच्या तरी मुलाला ते शाळेच्या बसमध्ये दिसतात.

आईला मी दातांच्या कागदांबद्दल विचारलं तेव्हा मला धाकधूक होती. ती म्हणाली, "अरे, मी पूर बघितलाय. तू फोटो बघितलेस. लिहून घे." आणि पाच मिनिटांत सगळं सांगून मोकळी झाली. घाबरत होतो तो मीच.

ही पोस्ट शेअर नाही केलीत तरी चालेल. आधी घरी फोन लावा.