‘द्वारा’वाल्यांचा पत्ता

इंटरनेटने सर्वांना एका पातळीवर आणले, असे स्नेहसंमेलनाचे पाहुणे दरवर्षी सांगतात. मला ते पटत नाही. निदान आमच्या वस्तीपुरते तरी नाही.

वस्तीतल्या अभ्यासिकेत आम्ही मुलांनी एक जुना संगणक मांडला आहे. जुन्या प्रश्नपत्रिका आणि टिपणे त्यात साठवली. आसपासच्या खेड्यांतील मुलांना एस.टी.चे भाडे न खर्चता ती पाहता यावीत, एवढीच इच्छा. पण बाहेरच्यांना हा संगणक काही केल्या सापडेना.

इंटरनेटवरील जुन्या पद्धतीचे पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी. ते पुरणार नाहीत हे दिसू लागले, तेव्हा १९९४ साली ‘नॅट’ ही पत्ता बदलण्याची युक्ती मांडली गेली. घरातल्या यंत्रांना खाजगी पत्ते द्यायचे आणि बाहेर सर्वांनी राउटरच्या एकाच पत्त्यावर वावरायचे. माझ्या आजोबांना वाचता येत नसे; त्यांची पत्रे ‘द्वारा’ किराणा दुकान अशी येत आणि दुकानदाराला सवड होईल तेव्हा हाती पडत. तसेच हे. आतून कोणी विचारणा केली की राउटर वहीत नोंद करतो आणि आलेले उत्तर ज्याचे त्याला देतो. बाहेरून आपणहून येणाऱ्याची मात्र नोंद नसते, म्हणून त्याला आत घेतले जात नाही. त्यासाठी नियम लिहावा लागतो: ८०८० क्रमांकाच्या पोर्टवर येईल ते १९२.१६८.१.२० कडे पाठवावे.

असा नियम आम्ही लिहिला होता. संगणकाचा आतला पत्ता बदलू नये म्हणून तो राउटरमध्ये राखून ठेवला. फायरवॉल पाहिली. चाचणीही अभ्यासिकेच्या वायफायवरून न घेता मोबाइलच्या डेटावरून घेतली. कारण आतूनच आपल्या बाहेरच्या पत्त्यावर जाणाऱ्याला पुष्कळ राउटर दाद देत नाहीत, आणि मग बरोबर नियमही चुकीचा वाटतो. तरी दार बंदच! अखेर राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता वाचला. तो १००.७२ ने सुरू होत होता. १००.६४ ते १००.१२७ हे पत्ते २०१२ साली सेवा पुरवणाऱ्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. म्हणजे आमचा राउटरही कुणाच्या तरी ‘द्वारा’च! खरी वही कंपनीपाशी, आणि तिच्यात आम्हांला एक ओळही लिहिता येत नाही.

स्वतंत्र पत्ता हवा तर जादा पैसे भरा, असे उत्तर मिळाले. पत्त्यांचा जागतिक साठा २०११ च्या फेब्रुवारीत वाटून संपला, ही अडचण मला मान्य आहे. परंतु आयपीव्ही ६ ही १२८ बिटांची पद्धत आहे. तीत पत्त्यांचा दुष्काळ नाही. ती द्यावी, आणि देईपर्यंत जोडणी घेतानाच पावतीवर लिहावे की हा पत्ता सामाईक आहे. गिऱ्हाइकाला सिनेमा पाहता आला की झाले, ही समजूत मला अपमानाची वाटते. आमच्यापाशीही जगाला देण्यासारखे काही असेल, हे कुणाच्या ध्यानीमनीच नाही.

एक मित्र म्हणाला, प्रश्नपत्रिका एखाद्या मोठ्या कंपनीच्या जागेत फुकट ठेव, भानगड मिटेल. मिटेल खरी, पण मग पुन्हा दुकानदाराच्या ओट्यावरच ताटकळायचे. आम्ही आयपीव्ही ६ साठी सतरा जणांच्या सह्यांचा अर्ज दिला आहे. पोच मिळाली, उत्तर अजून यायचे आहे.